ओढणीआडचा पंखा

कंप्युटर दुरुस्त करायला आलेला माणूस आल्या आल्या स्क्रीनकडे बघेल, अशी लोकांची अपेक्षा असते. मी दारात चपला काढता काढता ऐकतो. आत कुठेतरी पंखा फिरत असतो. तो एका सुरात फिरतोय, मधेच दम खातोय, की वायर घासल्यासारखा किरकिरतोय, यावरून अर्धा आजार कळतो. काहीच ऐकू आलं नाही तर मी घाबरतो. इतकी वर्षं झाली तरी घाबरतो. गिऱ्हाईक कौतुकानं म्हणतं, "बघा, किती शांत चालतो," आणि मी आधी मशीनपुढे हात धरून वारा आत जातोय का ते बघतो.

आमचं घराणं बडोद्याचंच. पणजोबा संस्थानच्या पागेत होते, वडील प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. थोरला भाऊ मधुकर, म्हणजे आमचा दादा, शहराबाहेरच्या एका लहानशा रासायनिक कारखान्यात ऑपरेटर झाला. मी, सुधाकर, कंप्युटर जोडून विकायला लागलो. घराण्यातला पहिला दुकानदार. कंपनीचा तयार कंप्युटर परवडत नसे, म्हणून लोक आमच्यासारख्यांकडून सुटे भाग जोडून घेत. ज्या पत्र्याच्या खोक्यात हे भाग बसतात त्याला आम्ही कॅबिनेट म्हणतो. गिऱ्हाइकं त्यालाच सीपीयू म्हणतात आणि आम्ही ते कधी दुरुस्त करत नाही.

या कॅबिनेटच्या आत काय चालतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आतले भाग इस्त्रीसारखे तापतात. पुढच्या बाजूचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो, मागचा पंखा तापलेली हवा बाहेर फेकतो. घराची समोरची आणि मागची खिडकी उघडी असली की वारा खेळतो, तसंच. एक पंखा चुकून उलटा बसला, तर दोन्ही आतच ओढतात आणि खोक्यात भट्टी होते. म्हणून मशीन तयार झालं की मी उदबत्ती लावून समोर धरायचो. धूर पुढून आत गेला आणि मागून बाहेर आला की मशीन पास. गिऱ्हाइकांना वाटायचं मी पूजा करतोय. काही जण हात जोडायचे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नसे. पूजा केलेल्या मशीनची तक्रार लवकर येत नाही.

त्या काळी आपल्याकडे मिळणाऱ्या कॅबिनेटला ऐंशी मिलिमीटरचे पंखे असत, चहाच्या बशीएवढे. बशीएवढ्या पंख्याला खोकंभर हवा ओढायची म्हणजे जिवाच्या आकांतानं फिरावं लागतं, आणि तो आकांत ऐकू येतो. छताचा पंखा मोठा असतो म्हणून सावकाश फिरूनही खोलीभर वारा देतो. मिक्सरचं पातं लहान असतं, त्याचा आवाज शेजारच्या घरात जातो. बस, एवढंच गणित आहे. पंखा मोठा केला तर तो हळू फिरवता येतो आणि आवाज मरतो. एकशेवीसचा पंखा मुंबईहून मागवावा लागे आणि कॅबिनेटला त्या मापाचं भोक नसे. वडिलांबरोबर काम केलेले परमारकाका प्रतापनगरला घरीच पत्र्याचं काम करायचे. पुरणाच्या डब्याचं झाकण पत्र्यावर ठेवून पेन्सिलीनं गोल आखायचो आणि ते तो गोल कापून द्यायचे.

"तारा बापाए इंजिन बनाव्या," ते म्हणायचे, "अने तुं डब्बामां बाकोरां पाडे छे." तुझ्या बापानं इंजिनं बनवली आणि तू डब्याला भोकं पाडतोस.

माझी शांत मशीनं गावात नावाजली गेली. सगळ्यांना आवडली असं नाही. एक वकील मशीन घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. "सुधाकरभाई, अवाज ज नथी आवतो. चाले छे के बंध छे?" आवाजच येत नाही म्हणजे बंद, असं त्यांना वाटलं होतं; चालू आहे असं दाखवलं तर त्यांचा चेहरा पडला. शेजाऱ्याच्या मशीनचा आवाज जिन्यापर्यंत येतो, म्हणजे त्याचं जास्त ताकदीचं, असा त्यांचा हिशेब. समा भागात एक बाई कंप्युटरला झालरीचं कव्हर घालून ठेवायच्या, चालू असतानासुद्धा. धूळ बसू नये म्हणून. "काढा हो ते, त्याला श्वास घेता येत नाही," असं म्हटलं तर म्हणाल्या, "इतकी मेहनत करून शिवलंय, पाहुण्यांना दिसायला नको?" त्या कव्हरवर मी चार ठिकाणी हसून ती गोष्ट सांगितली. आता सांगत नाही. मी त्याहून वाईट केलं होतं, आणि दिसणार नाही अशा जागी.

मोठ्या पंख्याची एक अडचण होती. बडोद्याची धूळ. मोठं भोक म्हणजे जास्त धूळ. त्यावर मी शोधलेला उपाय असा, की पुढच्या पंख्यासमोर, प्लॅस्टिकच्या तोंडवळ्याच्या आत, शिफॉनचा एक तुकडा ताणून बसवायचा. हवा येते, धूळ अडते, बाहेरून काही दिसत नाही. पहिला तुकडा माझ्या बायकोच्या, अलकाच्या, जुन्या ओढणीचा होता. "माझी मोरपंखी ओढणी कुठाय?" असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हरणीला राहणाऱ्या मनुभाईंच्या कंप्युटरमध्ये." तिला ती थट्टा वाटली.

तो तुकडा महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवायला हवा, हे मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला मी ते सांगत नसे. सांगितलं तर लोक स्क्रू काढतील, काहीतरी तोडतील. शिवाय माझी ही युक्ती चार दुकानांत पसरेल. आपण वर्षातून एकदा जाऊच, तेव्हा धुऊ, असं मनाशी म्हणायचो. गेलो तर गेलो.

दादाच्या कारखान्यातही माझंच मशीन होतं. त्यानंच शेठकडे माझं नाव सांगितलं होतं. तिथं एका मोठ्या बंद भांड्यात, ज्याला ते रिॲक्टर म्हणतात, रंगासाठी लागणारा माल शिजत असे. शिजताना तो माल आपला आपणच तापायला लागतो. भांड्याभोवती पाणी फिरवून त्याला ताब्यात ठेवावं लागतं, नाहीतर भांडं फुटू शकतं. पाण्याची चावी वर भांड्यापाशी, ऑपरेटरच्या हातात. आधी भांड्याच्या डोक्यावर असलेल्या काट्याच्या तबकडीवर तापमान बघायला लोखंडी जिना चढून जावं लागे. मग अहमदाबादच्या कुणीतरी एक पेटी बसवून दिली आणि आकडा थेट केबिनमधल्या माझ्या कंप्युटरवर दिसायला लागला. तापमान वाढलं तर घंटा वाजवायचं कामही त्याच कंप्युटरकडे आलं.

केबिन म्हणजे काचेची एक खिडकी असलेली कोंदट खोली. तिथं माझे ऐंशीचे तीन पंखे किंचाळत. दादा बारा-बारा तास तिथं बसे. घरी आला की वहिनी दोनदा हाक मारी तेव्हा त्याला ऐकू येई.

"सुध्या," एकदा जेवताना तो मला म्हणाला, "ते तुझं विमान जरा खाली उतरव रे बाबा. माझं डोकं फुटतं."

दादानं माझ्याकडे काही मागितलं, असं आयुष्यात क्वचितच झालं होतं. मी दुसऱ्याच दिवशी ते मशीन आणलं, परमारकाकांकडून पत्रा कापून घेतला, एकशेवीसचे दोन पंखे बसवले. आणि पुढच्या पंख्यावर ओढणी ताणली. हौसेनं दुहेरी केली, कारण कारखान्यात धूळ जास्त. कारखान्यातली धूळ म्हणजे पिठासारखी पांढरी पावडर असते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ओढणीवर पीठ पडलं की काय होतं हे कळायला कंप्युटर शिकावा लागत नाही. मी विचारच केला नाही. दादाला खूश करायचं होतं.

तो खूश झाला. "आता पाखरू बोललेलंसुद्धा ऐकू येतं," म्हणाला.

त्यानंतरच्या मे महिन्यात एका दुपारी मनुभाईंनी मला बोलावलं. मनुभाई बँकेतून निवृत्त झालेले, हरणीला सोसायटीत राहायचे, दिवसभर कंप्युटरवर शेअरचे भाव बघायचे. मी गेलो तेव्हा लुंगी-बनियनवर खुर्चीत बसून होते.

"बे कलाकथी भाव हाल्यो ज नथी," ते म्हणाले. "मने थयुं, आजे बजार ठंडुं छे."

दोन तास भाव हलला नाही, तर त्यांना वाटलं आज बाजार थंड आहे. मी उंदीर, म्हणजे माउस, हलवला. स्क्रीनवरचा बाण हलेना. कोपऱ्यातलं घड्याळ सकाळच्याच वेळेवर थांबलेलं. मशीन तापून गोठलं होतं. गोठलेल्या मशीनची गंमत अशी, की ते बंद पडत नाही. शेवटचं चित्र तसंच समोर धरून बसतं.

"काका, बाजार ठंडा नाही, तुमचं मशीन गरम झालंय," मी म्हणालो आणि आम्ही दोघंही हसलो. हसत हसतच मी पुढचा तोंडवळा उपसला. मोरपंखी रंग कुठं दिसत नव्हता. कापडावर धुळीचा नमदा बसला होता, घोंगडीसारखा. त्याच्यामागे पंखा फिरत होता. मजेत, हळूच, आवाज न करता फिरत होता, आणि त्याच्यातून हवेची एक झुळूक येत नव्हती. लहान पंखा असता तर गुदमरून ओरडला असता. मी त्याला इतका शांत केला होता, की तो गुदमरतोय हे कुणालाच कळणार नव्हतं.

माझं हसू तिथंच थांबलं. ही घरातली धूळ. दादाच्या केबिनमध्ये पांढरी पावडर, आणि ओढणी दुहेरी.

"शुं थयुं?" मनुभाईंनी विचारलं. मी त्यांच्या फोनवरून कारखान्याच्या ऑफिसला फोन लावला. घंटी वाजत राहिली. दुपारी शेठ आणि कारकून जेवायला घरी जात. दादाकडे मोबाइल होता, पण आत स्फोटक वाफा असतात म्हणून मोबाइल फाटकावर जमा करावा लागे. मी पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मनुभाईंचं मशीन उघडंच टाकून मी स्कूटरला लाथ मारली.

तो रस्ता मला आजही स्वप्नात दिसतो. डांबर मऊ झालेलं, तोंडावर भट्टीचा वारा. दादाची पहिली पाळी होती हे मला माहीत होतं, सकाळी दूध घेताना भेटला होता. माल शिजताना एक टप्पा असतो, त्यात तापमान कितीतरी वेळ एकाच आकड्यावर धरून ठेवायचं असतं, हेही त्यानंच कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे आकडा हलला नाही तर त्याला शंका येणारच नाही. आकडा हलला नाही तर तो म्हणेल, आज छान धरलंय. मनुभाईंसारखाच. समा ओलांडताना त्याच्या सोसायटीचं वळण लागलं. वहिनी आत्ता मुलांना जेवायला वाढत असेल. मी त्या बाजूला बघितलं नाही. छाणीच्या पुढे गेल्यावर कारखान्यांच्या वसाहतीवरचा धूर दिसतो, तो रोजच दिसतो. त्यातला कुठला रोजचा आणि कुठला आजचा, हे मी डोळे फाडून शोधत होतो. मोठा आवाज झाला तर इथवर ऐकू येईल का, याचाही विचार करत होतो. स्कूटरच्या आवाजात तो ऐकू येणार नाही असं वाटलं, म्हणून मधेच थांबून इंजिन बंद केलं आणि ऐकलं. उगाच वेळ घालवला. भीतीनं माणूस असं काहीही करतो.

फाटकावर वॉचमन रामसिंगनं काठी आडवी धरली.

"चप्पल में अंदर नहीं जाना, सेठ का ऑर्डर है."

"दादा कैसे हैं?"

"दादा को क्या हुआ? मजे में बैठे हैं. अभी चाय भिजवाई." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "आपको क्या हुआ?"

मी काठीखालून वाकून आत पळालो. तो मागून ओरडत राहिला.

केबिनचं दार उघडलं तेव्हा दादा स्टुलावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचत होता. समोर कपात चहा. स्क्रीनवर आकडा होता, जसा असायला हवा तसाच. मशीनचा आवाज नव्हता.

"अरे सुध्या! भर उन्हात?" तो म्हणाला. "बघ, तुझं मशीन. झोप येते रे इथं."

मी पुढे होऊन उंदीर हलवला. बाण हलला नाही. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दादानं स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. तो उठला. वर्तमानपत्र त्याच्या मांडीवरून खाली घसरलं.

लोखंडी जिना तापला होता. दादा दोन-दोन पायऱ्या चढत होता, मी मागे. वर भांड्याच्या डोक्यावर तबकडी होती. मला तिच्यावरचं वाचता येत नव्हतं, पण काटा लाल पट्ट्यात होता हे दिसलं. खालच्या पंपांच्या धडधडीतही भांड्यातून एक गुणगुण येत होती, उकळी फुटायच्या आधी पातेल्यातून येते तशी. पायाखालची जाळी थरथरत होती. दादानं पाण्याच्या चावीला हात घातला. चावीचं चाक तापलेलं होतं आणि अडकलं होतं. तो त्याच्यावर सगळं वजन टाकून लोंबकळला. मग मान वळवून मला म्हणाला, "पळ."

मी पळालो.

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. एवढं आठवतं, की जिन्याखाली भिंतीच्या सावलीत तीन मजूर बसले होते. दाहोदकडचे, रोजंदारीवरचे. त्यांनी रोटले आणि हिरव्या मिरच्या कागदावर मांडल्या होत्या. एकानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारून, अगदी हाताच्या अंतरावरून पळालो. रामसिंगच्या शेजारूनही पळालो. रस्ता ओलांडून विटांचा एक ट्रक उभा होता, त्याच्या आडोशाला जाऊन बसलो आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

"भाईसाब, तबियत?" ट्रकचा ड्रायव्हर विचारत होता. मी कानांवरचे हात काढले नाहीत. मी स्फोटाच्या आवाजाची वाट बघत होतो. ती वाट किती वेळ पाहिली ते सांगता येणार नाही. एका क्षणी मी देवाला सांगत होतो, की दादाला वाचव, मी दुकान बंद करतो. दुसऱ्या क्षणी ट्रक पुरेसा जाड आहे का, हे बघत होतो. दोन्ही खरं आहे.

आवाज झाला नाही. कधीतरी रामसिंग रस्ता ओलांडून आला. "दादा बुला रहे हैं."

दादा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, पाण्यानं की घामानं कळेना. दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. वर पाण्याचा मोठा, जड आवाज येत होता. तीन मजूर रोटले खात होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"उतरतंय," दादा म्हणाला. "आता तुझं मशीन बघ."

मी तोंडवळा उपसला. दुहेरी ओढणीवर पांढरा गिलावा बसला होता. नखानं टोकरला तर तुकडा पडला. दादा दारात उभा राहून बघत होता. त्यानं तो तुकडा हातात घेतला, बोटांत चुरला आणि विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, रडत सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि हात धुवायला गेला.

संध्याकाळी शेठ आले. मी त्यांनाही सांगितलं, की चूक माझी आहे, कापड मी लावलं, धुवायला सांगितलं नाही. शेठनी मला पाणी पाजलं. "अरे भाई, कपडुं तो धोवाई जाय. एमां रडवानुं शुं? तमे ना आव्या होत तो?" कापड धुता येतं, त्यात रडायचं काय, तुम्ही आला नसता तर काय झालं असतं? मग त्यांनी पेढे मागवले. पेढा तोंडात ठेवून वर मला म्हणाले, की ऑफिससाठी असंच एक शांत मशीन बनवून द्या. मी नाही म्हणालो. त्यांना मी विनयशील वाटलो. त्यांनी पुढे कंप्युटरवर अवलंबून नसलेली वेगळी घंटा मात्र बसवून घेतली, हे त्यांचं चांगलंच.

त्या उन्हाळ्यात मी जिथं जिथं ओढणी लावली होती तिथं तिथं गेलो. काही लोकांनी दारच उघडलं नाही, दुपारी झोपायची वेळ म्हणून. काहींनी कापड काढू दिलं नाही, धूळ येईल म्हणून. वकिलांनी विचारलं, "एटले पहेलां खोटुं हतुं?" म्हणजे आधीचं चुकीचं होतं? मी हो म्हणालो. ते माझ्याकडे पुन्हा कधी आले नाहीत. दादाच्या केबिनमधल्या मशीनला मी ऐंशीचे पंखे परत बसवले. पत्र्यातलं मोठं भोक झाकायला परमारकाकांकडून पट्टी मारून घेतली. मशीन पुन्हा किंचाळायला लागलं. दादानं ते चालवून घेतलं. तो दर थोड्या वेळानं जिना चढून तबकडी बघायला लागला. आकडा समोर दिसत असला तरीही. बाकीचे ऑपरेटर त्याला हसायचे.

मी अनेकदा म्हटलं, "दादा, दुसरीकडे बघ काहीतरी. माझ्याबरोबर दुकानात ये."

"दुकानात काय करू? उदबत्ती लावू?" तो म्हणायचा. तो तिथंच राहिला आणि तिथूनच निवृत्त झाला. तोवर त्याच्या प्रत्येक पाळीला माझं लक्ष घड्याळाकडे असायचं. दुकानात रेडिओ लावायचो, आणि बातम्यांच्या वेळी बंद करायचो.

तो निवृत्त झाला तेव्हा समाला घरी सगळे जमले होते. मुलांनी जुन्या गोष्टी काढल्या. दादानं ती दुपार सांगितली. "मी चावी फिरवतोय, आणि तुमचा काका माझ्या शेजारी उभा," असं म्हणाला. "त्यानं जोर लावला म्हणून चाक फिरलं." माझ्या पुतण्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. अलकानं माझ्याकडे बघितलं, मी पळालो हे मी तिला त्याच रात्री सांगितलं होतं. मी ताटातल्या श्रीखंडाकडे बघत राहिलो.

दोन दिवसांनी कारखान्याचे बूट आणि हेल्मेट परत द्यायला जायचं होतं. मी त्याला स्कूटरवरून घेऊन गेलो. येताना रस्त्यावर सेवउसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, थांबलो. बाकावर बसल्यावर मी म्हणालो, "तू खोटं का सांगितलंस? मी पळालो होतो."

"मीच सांगितलं होतं पळ म्हणून," दादा म्हणाला. "लहानपणापासून एकदाच माझं ऐकलंस."

तो हसला. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं जे कुणाला, अलकालासुद्धा, सांगितलं नव्हतं ते मी तेव्हा त्याला सांगितलं. "खाली तीन माणसं जेवत होती. मी त्यांच्या शेजारून पळालो. त्यांना ओरडलो नाही. तू मला जो शब्द सांगितलास, तेवढाच त्यांना सांगायचा होता."

दादानं पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "वरून दिसत होतं."

"मग?"

"मग काय. चाक हलत नव्हतं. मी सोडून दिलं होतं, सुध्या. वळलो होतो, एक पाय जिन्यावर टाकला होता. खाली बघितलं, तर तू गेलास आणि ते खातायत. आणि पंपांच्या आवाजात माझी हाक खाली पोचणार नव्हती. मग परत चाकाला लटकलो." त्यानं लारीवाल्याला आणखी कांदा मागितला. "तू ओरडला असतास, तर ते पळाले असते. मग मीही पळालो असतो."